साकवातली लाल चिंधी

साकवात पडेल ते साकवाचं. परत मागायचं नाही. का, ते विचारायचं नाही.
असं उंदीरआजोबा सांगायचे. आत्या मान हलवायची.

साकव म्हणजे ओढ्यावरचा जुना लाकडी पूल. त्याला भिंती, वर छप्पर. आत दिवसाही काळोख. कुणी नसताना आत पावलं वाजायची. ठक. ठक. ठक.

एक होती ठिपकी उंदरी. एवढीशी. तिच्याकडे होती लाल चिंधी. ती कुशीत घेतल्याशिवाय ठिपकीला झोप यायची नाही.

एकदा ठिपकी साकवातून निघाली. टुरु टुरु, टुरु टुरु. चिंधी घसरली. फळीच्या फटीत गेली. फट मिटली. करर्र.

"फळी फळी, माझी चिंधी दे."
"नाही देत."

ठिपकी गेली भुंग्याकडे. टुरु टुरु, टुरु टुरु.
"भुंग्या भुंग्या, फळी पोखर. फळी चिंधी देईना, मला झोप येईना."
"मी नाही पोखरत." घूंऽऽ घूंऽऽ.

ठिपकी गेली पालीकडे. टुरु टुरु, टुरु टुरु.
"पाली पाली, भुंगा गिळ. भुंगा फळी पोखरीना, फळी चिंधी देईना, मला झोप येईना."
"मी नाही गिळत." चुक चुक चुक.

ठिपकी गेली घुबडाकडे. टुरु टुरु, टुरु टुरु. छपराखाली दोन पिवळे डोळे.
"घुबडा घुबडा, पाल पकड. पाल भुंगा गिळीना, भुंगा फळी पोखरीना, फळी चिंधी देईना, मला झोप येईना."
"मी नाही पकडत. तुला पकडू?" घू. घू.

ठिपकी गेली काजव्याकडे. बाहेर, गवतात. टुरुटुरुटुरुटुरु.
"काजव्या काजव्या, घुबडाचे डोळे दिपव. घुबड पाल पकडीना, पाल भुंगा गिळीना, भुंगा फळी पोखरीना, फळी चिंधी देईना, मला झोप येईना."
"साकवात उजेड न्यायचा नाही. मोठे सांगतात."
"का?"
"ते कुणी विचारलंच नाही."
"मग चल."

लुक लुक, लुक लुक. काजवा साकवात शिरला. आतली पावलं थांबली.

घुबड म्हणालं, "डोळे दिपवू नको, मी पाल पकडतो."
पाल म्हणाली, "मला पकडू नको, मी भुंगा गिळते."
भुंगा म्हणाला, "मला गिळू नको, मी फळी पोखरतो."
फळी म्हणाली, "मला पोखरू नको, घे तुझी चिंधी." करर्र.

साकवाच्या तोंडाशी आजोबा आणि आत्या उभे होते.
"परत टाक ती," आजोबा म्हणाले. "साकव रागावेल."
"टाक गं, शहाणी ना तू," आत्या म्हणाली.
आत खोल काहीतरी वाजलं. ठक.

ठिपकीने चिंधी गळ्याभोवती गुंडाळली. घट्ट.
"नाही टाकणार. माझी आहे. आजोबा, तुमचं काय पडलंय आत?"

आजोबा काळोखाकडे बघत राहिले. आत्याही.