राजकन्येच्या पाठीवरचं कवच

एका राज्यात तीन बेटं होती आणि राजा एकच, वीरधवल, महा हौशी. बागेला शोभा म्हणून त्यानं तिन्ही बेटांवरची कासवं उचलून आणली. बेटांचा राखणदार जादूगार तेव्हा झोपेत होता. बारा वर्षांनी उठला, बघतो तो बेटं ओस!

"राजा," तो गरजला, "प्रत्येक कासव आपल्या घरी पोचेस्तोवर तुझी लेक कवच वाहील."

झालं! राजकन्या सुकेशीच्या पाठीवर कवच उगवलं. रोज बोटभर वाढे. हनुवटीला टेकलं की ती कायमची कासव.

राजा निघाला. घुमटासारख्या पाठीची कासवं हिरव्या बेटावर सोडली. तिथं चारा जमिनीलगत. हे पहिलं काम. उरली खोगिरासारख्या पाठीची, मान उंच काढणारी. ती सगळी त्यानं खडकबेटावर उतरवली. परत येतो तो कवच चार बोटं वाढलेलं!

कुंपणावरची टिटवी खदाखदा हसली. "महाराज, पागोटं सारखं म्हणून भाऊ झाले होय? खडकबेटावर निवडुंग उंच, वाळूबेटावरही उंच. म्हणून पाठी सारख्या. रक्त निराळं!"

"रक्त ओळखावं कसं?"

"प्रत्येक बेटावर एक झरा आहे, त्यात रक्ताचा थेंब टाका. आपलं रक्त आलं की झरा गातो."

राजा गुडघ्यावर बसला. बाभळीच्या काट्यानं एकेकाचा पाय टोचला. एक म्हातारं कासव त्यालाच चावलं. राजाचा थेंब पडला नि झरा नुसता खोकला. पण खडकाची खडकावर राहिली, वाळूची वाळूत गेली. दुसरं काम झालं.

बागेत एकच पिल्लू उरलं. त्याच्या थेंबानं तिन्ही झरे मुके! कवच हनुवटीपासून बोटभर खाली.

"आबासाहेब," सुकेशी कशीबशी म्हणाली, "ते जन्मलं कुठं?"

"इथंच. आई हिरव्या बेटाची, बाप खडकबेटाचा."

"मग हेच त्याचं घर. पण बाग तर तुमची."

ती बाग राजाचा जीव होती. मग त्यानं किल्ली पिल्लापुढे ठेवली.

"बाग तुझी. आम्ही पाहुणे."

कडाडकन् कवच फुटलं. सुकेशीनं पाठ ताणली, आणि कवचाचा एक तुकडा पालथा पडला होता, तो सुलटा करून त्यात पिल्लाला पाणी ठेवलं.

राजा अजून जोडे काढून दारात उभा राहतो, आत येऊ का विचारतो. कासव हो म्हणायला अर्धा दिवस घेतं.