हळदी धामणीची कात

फार पूर्वी करंजनगरावर सुषेण राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या एका कुंभाराच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव रोहक. हात कसबी, बोलणे मोजके आणि घाई कशी ती माहीत नाही. त्याची बायको रेवा नेमकी उलट. चुलीवर भात ठेवला की तो शिजायच्या आत तीनदा झाकण काढून बघणारी बाई ती. मनाने चांगली, पण धीर म्हणून नाही.

रेवाला दुःख एकच होते, मातीचे. नगराजवळची चिकणमाती कधीच संपली होती. राजाच्या तळ्यात लोण्यासारखी माती होती, पण तिथे कुंभारांना मज्जाव. मग दोन कोसांवरून डोक्यावर पाटी घेऊन माती आणायची. पाटी वाहून वाहून रेवाच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते. “त्या तळ्याची माती मिळाली असती तर,” असे ती दिवसातून एकदा तरी म्हणेच.

आता करंजनगराच्या कोठाराविषयी सांगितले पाहिजे. तिथे साळीचे बियाणे बांबूच्या मोठमोठ्या कणग्यांत भरून ठेवत, आणि राखणीला एक धामण पाळलेली असे. धामणीला विष नसते आणि उंदरांचा तिला कंटाळा नसतो. त्या वेळी जी होती ती अंगाने पिवळसर, म्हणून तिला हळदी म्हणत. दर उन्हाळ्यात ती कात टाकी. ती कात अखंड निघाली तर शुभ, असा तिथला समज. मग ज्येष्ठी पौर्णिमेला ती पहिल्या कणगीच्या गळ्यात बांधायची आणि शेतकऱ्यांना बियाणे वाटायचे, ही रीत.

आदल्या वर्षी हळदीला कात टाकायला उशीर झाला. मणिदत्त कोठारीला कुठला एवढा दम! त्याने कात धरली आणि ओढून काढली. कात मिळाली, पौर्णिमा साजरी झाली. पण डोळ्यांवरचा पापुद्रा तेवढा डोळ्यांवरच राहिला, अंगावरही जागोजागी जुनी कातडी चिकटून राहिली. हळदी आंधळी झाली. उंदीर तिच्या शेपटीवरून पळू लागले. या वर्षी उन्हाळा लागताच मणिदत्ताने तिला टोपलीत घालून उकिरड्यावर टाकून दिले आणि कोठारातल्या माणसांना सांगितले, की म्हातारी झाली, गेली कुठेतरी. चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणतात ते हेच.

रोहक भट्टीसाठी राख आणायला उकिरड्यावर गेला होता. हळदी तिथे खापरांच्या ढिगात पडलेली. अंग सुकल्या सालीसारखे, डोळ्यांवर कांद्याचा पापुद्रा असावा तशी पांढरी झाक, आणि जखमांना मुंग्या लागलेल्या. रोहकाने मुंग्या झटकल्या, उपरण्यात तिला गुंडाळले आणि घरी आणले.

“अगं बाई!” रेवा ओरडली. “साप आणलात घरात?”

“आजारी आहे गं.”

“आजारी साप म्हणजे काय अर्धा साप असतो? टाका आधी तो बाहेर!”

रोहकाने उपरणे उलगडले. हळदीने मान उचलली, दिसत नव्हते म्हणून हवेत जीभ लवलवून पाहिली आणि मान पुन्हा टाकून दिली. रेवा दारातच थबकली. “ही कोठारातली हळदी ना?” ती म्हणाली. “मेल्यांनी काय दशा केली हिची!” आणि पुढच्या घटकेला तीच वाटीभर दूध घेऊन आली.

“हे काय?” रोहकाने विचारले.

“दूध. अशक्त आहे ना ती?”

“अगं, ती काय वासरू आहे? ठेव ते दूध. आपणच पिऊ.”

दूध चुकले म्हणून रेवा हातपाय गाळून बसणारी नव्हती. आजाऱ्याला शेक द्यावा हे तिला ठाऊक. दुसऱ्या दिवशी रोहक चाकावर बसला असताना तिने हळदीची टोपली उचलून भट्टीच्या कडेला, चांगल्या उबेला ठेवली. संध्याकाळी पाहिले तर कातडी आणखी ताठ झालेली, आणि दोन ठिकाणी तडा जाऊन आतले लाल मांस दिसत होते. रेवाने घाईघाईने टोपली मागे ओढली.

“रेवा,” रोहक म्हणाला, “ओलं मडकं उन्हात ठेवलं तर काय होतं?”

“तडकतं. मला काय विचारता, कुंभाराची लेक आहे मी.”

“मग वाळवतो कसं आपण?”

“सावलीत. वर ओलं फडकं टाकून...” एवढे बोलली आणि तिचे तिलाच उमगले. मग उठून फडके आणायला गेली.

रोहकाने गळा फुटलेला एक रांजण सावलीत आडवा केला. आत मऊ ओली माती अंथरली, वर फडके, आणि हळदीला त्यात सोडले. दिवसातून दोनदा पसरट परळात कोमट पाणी घेऊन तिला त्यात ठेवायचे, जखमांना हळद लावायची, फडके सुकले की भिजवायचे. उंदराचे पिल्लू मिळाले तर तोंडाशी धरायचे, नाही घेतले तर राहू द्यायचे. कातडीला मात्र बोट लावायचे नाही. “वेळ झाली की ती आपण होऊन टाकील,” रोहक म्हणे.

“वेळ, वेळ! तुमची वेळ कधी येते कोण जाणे,” रेवा म्हणे आणि फडके भिजवी. पंधरा दिवसांत तिला या कामाची गोडी लागली. भिजवता भिजवता ती हळदीशी गप्पा मारी. शेजारणींची गाऱ्हाणी, मातीची पाटी, दुखरी मान, सगळे तिला सांगून होई. हळदी तिचा हात ओळखू लागली. हात आत गेला की मनगटाला वेढा घालून बसे. रेवाने शेजारणीला सांगितलेही, “आमची हळदी आता जेवते हो.” आपण ‘आमची’ म्हणालो हे तिच्या ध्यानातही आले नाही.

इकडे ज्येष्ठ लागला आणि मणिदत्त कोठारीच्या तोंडचे पाणी पळाले. पौर्णिमेला कात आणायची कुठून? हळदी कुंभारवाड्यात जिवंत आहे हे त्याला कळले होते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी तो रोहकाच्या दारात हजर झाला. त्याच पहाटे हळदीची कात ओठांपासून सुटायला लागली होती. जराशी मागे सरकली होती, पण डोळ्यांच्या कडांशी येऊन अडली होती.

“अरे वा!” मणिदत्त म्हणाला. “निघालीच की. दे ओढून.”

“नाही ओढायची, कोठारी. डोळ्यांवर दोन थर आहेत, गेल्या वर्षीचा आणि यंदाचा. ओढली तर डोळे जातील.”

“आंधळीच तर आहे ती! ऐक रोहका. कात दे. राजाला सांगून तळ्याची माती तुमच्या कुंभारवाड्याला देववतो. कायमची.”

रेवाचा हात टाळूवरच्या विरळ केसांकडे गेला. रोहकाने हातातले फडके पिळले. “माती हवी आहे, कोठारी,” तो म्हणाला. “फार हवी आहे. पण तिचे डोळे देऊन नको.” आणि पाटी उचलून तो दोन कोसांवर माती आणायला निघून गेला.

मणिदत्त गेला नाही. ओट्यावर बसून राहिला. “बाई,” तो म्हणाला, “नवरा तुमचा साधुपुरुष आहे. पण पाटी तुमच्या डोक्यावर असते. सुटलेली कात ती, जराशी ओढायची. तुमचा हात तिच्या ओळखीचा आहे. कळणारही नाही तिला.”

रेवाने आपली दुखरी मान चोळली. मग तिने रांजणात हात घातला. हळदी आली आणि नेहमीसारखी तिच्या मनगटाला वेढा घालून बसली. रेवाने दुसऱ्या हाताने कातेची कड धरली आणि ओढली.

डाव्या बाजूने बोटभर सुटली. हळदीचे सगळे अंग एकदम आखडले. डाव्या डोळ्याच्या कडेला रक्ताचा थेंब आला. ती फुत्कारली नाही, चावली नाही. वेढा तेवढा घट्ट झाला. भ्यालेले माणूस ज्याच्यावर भरवसा असतो त्यालाच धरते. रेवाला ते कळले आणि तिच्या हातातली कात सुटली.

“ओढा की! थांबलात का?” मणिदत्त म्हणाला.

“चालते व्हा!” रेवा किंचाळली. “आत्ताच्या आत्ता चालते व्हा माझ्या दारातून! नको तुमचं तळं आणि नको तुमची माती!” कोठारी उठला तो मागे न बघता गेला.

दुपारी रोहक परत आला तेव्हा रेवा रांजणापाशी बसून रडत होती. हात अजून हळदीच्या वेढ्यात होता. “मी ओढली,” ती म्हणाली. “माझ्या या हाताने ओढली.” रोहकाने पाटी उतरवली. वाकून डोळा पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होते, राग नव्हता.

“फडकं सुकलंय,” तो म्हणाला. “भिजवून आण.”

पौर्णिमा उजाडली. मणिदत्ताने एका गारुड्याकडून कुठल्याशा सापाची अखंड कात मिळवली आणि थाटात पहिल्या कणगीच्या गळ्यात बांधली. राजा आला, शेतकरी टोपल्या घेऊन आले. पहिल्या शेतकऱ्याने कणगीत हात घातला तो बाहेर आला मूठभर भुसा. राजाने स्वतः कोपरापर्यंत हात घातला. वर भुसा, खाली लेंड्या आणि त्याखाली उंदराच्या गुलाबी पिल्लांचे घरटे. एकामागून एक कणग्या उघडल्या. कात कणगीच्या गळ्यात आणि उंदीर कणगीच्या पोटात!

राजाने कणगीच्या गळ्यातली ती कात सोडून हातात घेतली. मग म्हणाला, “कात आहे. धामण कुठे आहे?”

मणिदत्ताला सगळे सांगावे लागले. त्याच पावली राजा कुंभारवाड्यात आला. “धामण दे,” तो रोहकाला म्हणाला. “उरलेलं बियाणं तरी वाचायला हवं.”

“देतो, महाराज. पण आज नाही. आज हलवली तर डोळा जाईल.”

“आज नाही? मग कधी?”

“ते तिला ठाऊक.”

राजाचे शिपाई एकमेकांकडे बघू लागले. पण सुषेण राजा समजदार होता, आणि घाईचे फळ नुकतेच त्याने हाताने चाचपून पाहिले होते. तो परत गेला. कोठारात मांजरे सोडली, शेजारच्या राज्यातून बियाणे मागवले, पेरण्या पंधरा दिवस लांबल्या.

पाचव्या दिवशी सकाळी हळदी आपण होऊन ओल्या फडक्याच्या घडीत शिरली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आली. कात मागे फडक्यात राहिली, दोन तुकड्यांत. अंग नव्या हळकुंडासारखे पिवळे निघाले होते. उजवा डोळा काळ्या मण्यासारखा लखलखीत. डावा मात्र पांढराच राहिला.

राजाला निरोप गेला, तो आला. त्याने हळदीला निरखून पाहिले. “हा डोळा?” त्याने विचारले.

“तो माझ्या हातून गेला, महाराज,” रेवा म्हणाली.

राजा रोहकाला म्हणाला, “माग, तुला काय हवं ते.”

“कात टाकणाऱ्या धामणीला पुन्हा कोणी हात लावू नये, महाराज. तुकडे झाले तर तुकडे. आणि ती बांधायचीच असेल तर धामण कोठारात आहे ना, हे आधी बघावं.”

“दिलं. आणखी?” राजाने आता रेवाकडे पाहिले.

तळे रेवाच्या अगदी ओठांवर आले होते. राजा समोर होता, हात सैल होता, मागितले असते तर मिळालेच असते. तिने हळदीकडे पाहिले. हळदी उजव्या डोळ्याने तिच्याकडे बघत होती. “काही नको, महाराज,” रेवा म्हणाली.

हळदी कोठारात परतली. एका डोळ्याने ती उंदीर पकडायला शिकली आणि पुढे बरीच वर्षे जगली. मणिदत्ताला राजाने कोठार झाडायला ठेवले. रेवाने जन्मभर दोन कोसांवरून माती वाहिली. कुरकुर केली नाही असे नाही, रोज केली. पण उन्हाळा लागला की फडके भिजवून ती कोठारात घेऊन जाई आणि हळदीची कात निघेपर्यंत, कितीही दिवस लागोत, तिथे जाऊन बसे.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली. तिथे उत्तिय नावाचा भिक्षू आपल्या आजारी सोबत्याची, सीलक भिक्षूची, शुश्रूषा करीत होता. पावसाळाभर एकाच जागी राहायचा वर्षावास जवळ आला, दुसऱ्या विहारी पोहोचायचे होते, आणि सीलक काही उठेना. एका सकाळी उत्तियाने वैतागून त्याला दंडाला धरून उभे केले. सीलक पडला आणि त्याचा गुडघा निखळला. संघात याची चर्चा झाली, ती शास्त्यांच्या कानी गेली.

कथा संपवून शास्ते म्हणाले, “त्या वेळचा सुषेण राजा म्हणजे या विहाराचे वृद्ध स्थविर. मणिदत्त कोठारी म्हणजे तो भिक्षू, ज्याने उत्तियाला ‘उचल की त्याला, ढोंग करतोय’ असं सांगितलं. हळदी धामण म्हणजे सीलक. रोहक कुंभार मी होतो.”

एवढे बोलून ते थांबले. उत्तियाने मान वर केली नाही. “भंते,” तो म्हणाला, “रेवा मी.”

“होय,” शास्ते म्हणाले. “ओढणारा हात तुझाच होता. पण उत्तिया, वेढ्यात राहिलेला हातही तुझाच होता. दुसऱ्याला त्याच्या वेळेने बरं होऊ द्यावं, आणि तोवर फडकं भिजवीत राहावं. याला क्षांती म्हणतात. जा आता, सीलकाच्या गुडघ्याला शेकायचं पाणी थंड झालं असेल.”

उत्तिय उठला आणि पाणी कोमट करायला गेला.