चांदीच्या पाट्या आणि तळ्यातला गाळ

विषय: विहारातील भिक्षूंची वाढलेली संख्या आणि पुष्करिणीतील अपुरे पाणी.
संदर्भ: स्थविर कुंभक व इतर ज्येष्ठ भिक्षू यांचा तोंडी अर्ज.

अर्जाचा आशय असा की, यापुढे नव्यांना संघात घेऊ नये आणि जे शेवटी आले त्यांनी प्रथम जावे. अर्ज शास्त्यांपुढे, म्हणजे संघाच्या गुरूंपुढे, मांडला गेला तेव्हा ते शेवटी आलेले दाराबाहेरच उभे होते. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, पाणी कमी पडले की आधी माणसे मोजली जातात. पूर्वीही असेच झाले होते." आणि त्यांनी पुढील वृत्तान्त सांगितला.

फार पूर्वी मृगदंत नगरात राजा चंद्रकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या अमात्याच्या रूपाने जन्मास आला होता. सगळे नगर एका तळ्यावर जगत होते. राज्यात लढाया नव्हत्या, रोगराई कमी होती. त्यामुळे माणसांचे मरणे मंदावले आणि जन्मणे मात्र पूर्वीच्याच उत्साहाने चालू राहिले. गायरानावर घरे उठली. सरपणासाठी बायका दूरच्या रानात जाऊ लागल्या. तळ्यावर घागरींवरून भांडणे होऊ लागली. एका वैशाखात तर तळ्याच्या मधोमध म्हैस उभी राहिली आणि तिचे गुडघेही भिजले नाहीत.

पुरोहित विश्वभूती सभेत म्हणाला, "महाराज, तळे तेच आहे, तोंडे वाढली. ज्यांच्या घरी तीनपेक्षा अधिक मुले आहेत, त्यांनी पौर्णिमेपूर्वी नगर सोडावे."

पुरोहिताला स्वतःला नऊ मुले होती आणि दहावे नुकतेच झाले होते. परंतु ती यज्ञकर्मासाठी लागत असल्याने मोजणीत धरायची नव्हती. राजाने आज्ञा दिली. अंमलबजावणी अमात्याकडे आली.

अमात्य स्वतः टोपल्या-पाट्या विणणाऱ्या बुरुडांच्या आळीत गेला. तुंगा नावाची एक बुरूड स्त्री दारात बसून गाठोडे बांधत होती. तिला सहा मुले होती आणि सातव्याचे दिवस भरत आले होते.

"आर्य, मोजायला शिपाई पाठवला होतात," ती म्हणाली. "दोनदा चुकला बिचारा. मुले एका जागी बसत नाहीत, त्याला मी काय करू?"

"बाई, इतकी मुले तुला हवी होती का?"

तुंगाने गाठ आवळली. "हे आजवर कुणी विचारले नव्हते. तुम्ही विचारलेत, तेही हाकलायला आल्यावर." मग तिने घरात नवऱ्याकडे मान वळवली. "त्यांना विचारा. मूल झाले की बारशाला राजकोठाराला नखाएवढी चांदीची पाटी देतात आणि सुटतात. पुढचे सगळे माझ्याकडे. आता या अवस्थेत मी रानात कुठे बाळंत होऊ, तेवढे सांगून जा."

अमात्य तेथून निघाला तो पुरोहिताच्या घरी, कारण त्या दिवशी दहाव्या मुलाचे बारसे होते. विश्वभूतीने जुन्या भाषेतला मंत्र घडाघडा म्हटला. हा मंत्र नगरातल्या प्रत्येक बारशाला म्हटला जाई. सर्वांना तो पाठ होता, म्हणून कोणी ऐकत नसे. तुंगाचा प्रश्न डोक्यात असल्याने अमात्याने त्या दिवशी चुकून ऐकला. मंत्राचा अर्थ असा होता: 'हे मूल चालू लागेपर्यंत याचा बाप रोज एक पाटी गाळ तळ्यातून काढील, म्हणजे तळ्याला याची तहान भारी होणार नाही.'

मंत्र संपला. विश्वभूतीने बाप म्हणून तबकात नखाएवढी चांदीची पाटी ठेवली आणि सर्वजण जेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी अमात्याने राजाला तळ्यावर बोलावले. नगर लोटले. राजवाड्याच्या कोठारात पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या चांदीच्या पाट्या त्याने पोत्यांतून आणवल्या आणि तळ्याच्या भेगाळलेल्या कडेवर ओतल्या. ऊन पडून ढीग लखलखला.

"महाराज, यातली एकेक पाटी म्हणजे न काढलेला गाळ," अमात्य म्हणाला. "माणसे वाढली हे खरे. पण पूर्वी माणसांबरोबर तळेही वाढत असे. कोणा मोठ्या माणसाला चिखलाचा कंटाळा आला, त्याने चांदी दिली, आणि ती सोय सर्वांना आवडली. तुंगाला घालवून पाणी वाढणार नाही. तिने विणलेल्या पाट्यांनी वाढेल."

"आणि पुढेही तोंडे वाढतच गेली तर?" विश्वभूतीने विचारले.

"तळ्याला तळ आहे, तेव्हा हे कुठेतरी थांबले पाहिजे. पण ते शिपायाने थांबवायचे नाही. रोजची पाटी बापांच्या डोक्यावर द्या. हिशेब त्यांना आपोआप कळेल."

राजाचा धाकटा कुमार अजून रांगत होता. राजाने मुकुट अमात्याच्या हाती दिला, काठावर ठेवलेली एक बांबूची पाटी उचलली आणि गुडघाभर गाळात उतरला. त्यानंतर कोणालाच काठावर उभे राहणे बरे दिसेना. विश्वभूती उतरला तेव्हा बायकांनी पदर तोंडाला लावले.

आज्ञा त्याच जागी रद्द झाली. बुरुडांना घालवायचे तर दूरच, त्यांच्या दारापुढे पाट्यांसाठी रांगा लागल्या. तुंगा आपल्याच घरात बाळंत झाली, आणि तिचा नवरा तिसऱ्या दिवसापासून डोक्यावर पाटी घेऊन तळ्याकडे जाताना दिसू लागला. त्या पावसाळ्यात तळे काठोकाठ भरले. पुढच्या वैशाखात मधोमध म्हैस पोहत होती. काढलेल्या गाळाने पडीक शेते पिकली. आणि नगरात एक नवेच बोलणे ऐकू येऊ लागले. बाप मंडळी कंबर दाबीत एकमेकांना म्हणत, "आधी हे चालू लागू दे, मग पाहू." काही वर्षांत पाळणे कमी झाले आणि त्यांतली मुले अधिक गुटगुटीत दिसू लागली. तुंगाला आठवे झाले नाही. तिला विचारले गेले होते, आणि ती नाही म्हणाली होती.

वृत्तान्त संपवून शास्ते म्हणाले, "तो राजा म्हणजे ही विहारभूमी देणारा उपासक. तुंगा म्हणजे आपल्याला रोज पेज वाढणारी उपासिका. पुरोहित विश्वभूती म्हणजे आजचे स्थविर कुंभक. अमात्य मी स्वतः होतो. माणूस वजा न करता उणीव भरून काढते, ती प्रज्ञा."

स्थविर कुंभकांनी चीवर खोचले आणि पाटी कुठे मिळेल असे विचारले. जमीन खणणे भिक्षूंना वर्ज्य आहे. साचलेला गाळ उचलण्यास हरकत आढळली नाही. दाराबाहेरचे नवे भिक्षू त्यांच्यामागे पुष्करिणीत उतरले आणि पाट्या हातोहात वर येऊ लागल्या.

मूळ अर्ज अद्याप प्रलंबित आहे. सर्व अर्जदार गाळात कामावर असल्याने त्याची चौकशी करण्यास कोणी आलेले नाही.