आरशातला वैरी

विहिरीवरची बाभूळ तरुण होती, तेव्हाची गोष्ट. तिच्या फांद्यांवर तात्या हे म्हातारे सुगरण पक्षी आपल्या जातीच्या पोरांना घरटं विणायला शिकवत. त्यांतला झिपऱ्या मात्र खाली उभ्या मोटारसायकलच्या आरशातल्या पक्ष्याशी दिवसभर झुंजत बसे.

"आज शंभरदा हरवलं त्याला!" तो ऐटीत म्हणाला.

"आणि गाठी किती मारल्यास?" तात्यांनी विचारलं.

"एकच. तीही सुटली. मला नाही जमत ते."

"आरशावर आपटून पडलास, तरी शंभरदा उठलासच की रे!"

झिपऱ्याने गवताचं पातं उचललं. गाठ सात वेळा सुटली. आठव्यांदा घट्ट बसली.

दुसऱ्या दिवशी झिपऱ्या पातं घेऊन येत असताना आरसा चमकला. वैरी तिथे हजर होताच. पण आज त्याच्याही चोचीत गवत होतं.