यवनाची ओसरी

चपला खाली काढा. नि भिंतीवर नाव-बिव कोरायचं नाही हं, आधीच सांगतो. मागच्या सहलीतल्या पोरांनी डोकं फिरवलं माझं. मी इथला गुरव. पण हे देऊळ नव्हे, लेणंही नव्हे. ही नुसती ओसरी, डोंगरात कोरलेली. मागे खोलीच नाही.

थेवन नावाच्या यवनाने, म्हणजे जुन्या काळच्या ग्रीक व्यापाऱ्याने, ती कोरवली, असं सांगतात. मिरी न्यायला गलबतातून आला नि खाडीकाठीच राहिला. त्याच्या देशात म्हणे एक पंथ होता. मूळ गुरूचं जहाज बुडालं, होतं नव्हतं ते गेलं, तर हा बाबा रडत बसला नाही. शहरातल्या एका ओसरीत उभा राहून शिकवायला लागला. जे आपल्या हातात नाही त्याचं दुःख करू नये, एवढंच. पंथ पुढे रोमला पोचला. तिथे गुलामही त्यात नि राजाही त्यात, म्हणे.

थेवन इथे तेच शिकवी. कुणाचं माणूस गेलं की त्याला ओसरीवर बसवून समजावी. लोकांनी त्यातून घेतलं काय, तर डोळ्यांत पाणी आलं नाही की माणूस पास! बायका पोटचं पोर पुरून येत नि कोरड्या डोळ्यांनी तांदूळ निवडत.

मग थेवनचाच मुलगा खाडीत बुडाला. मितक त्याचं नाव. त्याची आई इथलीच, सिरिमा.

सगळा गाव ओसरीखाली जमला. गुरू रडतो की काय, हे बघायला हो! तो रडला असता, तर यांनी वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं फुकट गेलं असतं. थेवन रडला नाही. शिष्यांना अभिमान वाटला. तेवढ्यात सिरिमा वर चढून आली नि म्हणाली, "नका रडू. पण त्याला एकदा हाक तरी मारा."

त्याने तोंड उघडलं. हाक येईना. आपण काही आवरून धरलेलं नाही, आवरायला आत काही उरलेलंच नाही, हे त्याला तेव्हा कळलं म्हणतात. फार घाबरला तो. "सिरिमा," म्हणाला, "मला काहीच होत नाहीये गं."

ती त्याच्या शेजारी बसली नि तिनेच लेकाला हाक मारली. मग खालची माणसंही आपापल्या गेलेल्यांना हाका मारू लागली. कधीकाळी मेलेली माणसं ती! थेवन तसाच बसून होता. पुढे त्याने कुणाला काही शिकवलं नाही.

आजही आमच्याकडे मयताच्या घरी कुणी 'रडा' म्हणत नाही, 'रडू नका'ही म्हणत नाही. सुतक फिटलं की गाव इथे जमतो, घरच्यांना मध्ये बसवतो नि गेलेल्याला नावाने हाका मारतो. ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी दुसरे मारतात.

गेल्या माघात आमच्या थोरल्या लेकाला हाका मारल्या, साऱ्या गावाने. मी मध्ये बसलो होतो. नाव काय त्याचं, म्हणता? खाली कुणालाही विचारा, सांगतील. माझ्या तोंडून अजून निघत नाही.