डावीकडची पाचवी

त्या राज्यात घराला मान मिळे तो दर्शनी भिंतीमुळे. मागे काय आहे, हे विचारणं असभ्य समजलं जाई.

टेकडीवरचं ते घर आधी लाकडी होतं. पहिल्या मालकाच्या नातवाने ते विटांचं केलं. पुढच्या नातवाला लाकूड-विटा दोन्हींची लाज वाटू लागली, म्हणून त्याने पुढून पांढऱ्या दगडाची भिंत चढवली. देखावा बिघडतो म्हणून समोरचं गाव उठवून तिथे हिरवळ केली. दाराच्या उजवीकडे पाच खिडक्या, डावीकडे पाच. पण डावीकडच्या पाचव्या जागी आत जुन्या घराचा लाकडी खांब उभा होता, तिथे भिंत फोडता येईना. मग रंगाऱ्याने दगडावरच तावदानं रंगवली, अर्धा सरकवलेला पडदा रंगवला आणि पडद्याआड एक पेटलेला दिवा.

हीच ती पाचवी. तिला काहीच दिसत नसे, आणि हे कळू नये म्हणून ती जीव मुठीत धरून असे.

रोज सकाळी थोरला दरवाजा हजेरी घेई. प्रत्येक खिडकीने काय दिसतं ते सांगायचं. पाचवीचा नंबर शेवटचा. चौथीने वीस मेंढ्या सांगितल्या की ती एकोणीस सांगे, नक्कल वाटू नये म्हणून.

“पाचवे, तुझी एक मेंढी रोज कोण खातं गं?” चौथी खिदळे. जिन्याखालचं रंगवलेलं दार खोटं निघालं, तेव्हा ते पात्यांनी खरवडून काढलं होतं. तो आवाज अजून पाचवीच्या कानात होता.

पानगळ सुरू झाली तशी पाठीमागून हाक आली. “पोरी, ऐकतेस ना?”

ती एवढी दचकली की पडद्याचा एक टवका उडाला.

“किड्यांनी मला आतून पोखरलंय,” खांब म्हणाला. “सगळं छप्पर माझ्यावर आहे. यंदाचा बर्फ पेलवायचा नाही. दरवाज्याला सांग. तुझ्याशिवाय माझ्या जवळ कुणी नाही.”

हे सांगायचं म्हणजे आपल्या पाठीला खांब लागतो, हेही सांगायचं. खऱ्या खिडकीच्या पाठीशी खोली असते.

तरी तिने वाक्य जुळवलं. सकाळी इतर नऊजणी बोलत होत्या, तेव्हाही ती तेच मनात घोळवत होती.

“पाचवी?”

“दादा, मला... माझ्या पाठीशी...”

“लवकर बोल बाई, पाहुणे आलेत.”

“एकोणीस मेंढ्या,” ती म्हणून गेली.

त्या दिवशी इतकं दाट धुकं होतं की नऊही जणींनी ‘काही दिसत नाही’ असंच सांगितलं होतं.

आता विचारतील. पाचवी वाट बघत राहिली. विचारलंच तर सगळं सांगून टाकायचं, असंही क्षणभर तिच्या मनात आलं.

“उत्तम,” दरवाजा घसा खाकरून म्हणाला. चौथी धुक्याकडे बघत राहिली.

मागून खांब एवढंच म्हणाला, “असू दे, पोरी.”

बर्फ माघात पडला. छप्पर, जिने, खोल्या सगळं एका दुपारी खाली आलं. दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली, मधोमध नीट लावलेला दरवाजा, आणि नऊ खिडक्यांतून आरपार आभाळ.

खालच्या रस्त्याने जाणारे वाटसरू थांबून एकमेकांना बोट करून दाखवतात, “ते बघ, त्या टोकाच्या खोलीत दिवा आहे. कुणीतरी राहतंय अजून.”