अळ्यांचा चातुर्मास

जांभूळगडच्या राजाच्या वांग्यात अळी निघाली आणि सगळ्या राज्याला सुतक लागलं!

राजाचं कुलदैवत खंडोबा. राजघराण्यात आषाढापासून वांगं बंद. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, मगच वांगं तोंडात घालायचं. नैवेद्याची वांगी राजवाड्यामागच्या बागेतलीच हवीत, आणि तोवर त्या झाडांना माळ्यानंही हात लावायचा नाही, असा रिवाज. खायचं नाही म्हणून तोडायचं नाही, तोडायचं नाही म्हणून बघायचंही नाही. माणसांनी चातुर्मास पाळला. अळ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या निवांत जेवत बसल्या.

चंपाषष्ठीच्या आधीच एक वांगं आपोआप गळून राजापुढं फुटलं आणि आतून अळी निघाली. दिवाण विसाजीपंतांना हे कळलं तेव्हा त्यांनी हुशारी केली. हरताळाचं विषारी पाणी झाडांवर शिंपडायला लावलं. अळ्या मेल्या, खोटं कशाला बोला. मग त्या मेलेल्या अळ्या टिपून राणीसाहेबांचा मोरही मेला. मग हात न लावण्याचा रिवाज यंदापुरता बाजूला ठेवला, ती वांगी पुरून टाकली, झाडं छाटली. झाडांना नवा फुटवा आला, आणि सोयऱ्यांसारख्या न बोलावता नव्या अळ्याही आल्या.

राणीसाहेबांनी मोरासाठी अन्न सोडलं. राजा घाबरला. शत्रूला भ्यायला नसेल एवढा बायकोला भ्यायचा. भर दरबारात त्यानं शपथ घेतली, "माझ्या बागेत यापुढे एकही जीव मारायचा नाही!" आणि लगेच सटवाजी माळ्याकडे वळून म्हणाला, "आणि नैवेद्याला एक जरी किडकं वांगं निघालं, तर बागेतलं घर खाली करायचं."

वा रे न्याय! विष दिवाणाचं, शपथ राजाची, आणि घर जायचं माळ्याचं. त्या घरावर दिवाणजींच्या मेहुण्याचा कधीचा डोळा होता, ते निराळंच.

सटवाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक भिवरा दिव्यात निंबोळीचं तेल घालत होती. चांगलं तेल त्या घरात फोडणीलाच पुरायचं नाही, दिव्याला कुठलं? दारच्या कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या ती आषाढात गोळा करून वाळवायची. त्यांचं तेल दिव्यात, पेंड झाडांच्या मुळाशी. वाडा नाक मुरडायचा, डास पळून जायचे.

"पोरी, मारायचं नाही आणि खाऊही द्यायचं नाही," सटवाजी म्हणाला. "आता काय अळ्यांच्या पाया पडू?"

"दिवाणजींच्या पडून काय मिळालं, आबा? अळ्यांना उपासाला बसवू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती दरबारात जाऊन उभी राहिली. "महाराज, एकच विचारायचंय. अळ्यांना मारायचं नाही म्हणालात. त्यांना आवडेल असंच वाढलं पाहिजे, असं नाही ना म्हणालात?"

राजानं जरा विचार केला. सवय नव्हती, म्हणून वेळ लागला. "नाही. तसं काही म्हणालो नाही."

"मग झालं."

भिवरानं निंबोळ्या कुटल्या, फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजत घातल्या. सकाळी पिळून पांढरं पाणी काढलं. पानावर धरून राहावं म्हणून त्यात रिठ्याचा फेस घातला आणि ऊन उतरल्यावर केरसुणीनं झाडांवर शिंपडलं. किडकी वांगी तेवढी काढून टाकली. असं चंपाषष्ठीपर्यंत चाललं. अळ्या पानाला तोंड लावायच्या आणि मागं सरायच्या. अळ्यांचे पतंग अंडी घालायला यायचे आणि वास घेऊन परत जायचे.

चंपाषष्ठी उजाडली. राजासमोर वांगी धुऊन चिरली. एक चिरलं, स्वच्छ. दुसरं चिरलं, स्वच्छ. टोपली संपली तरी अळीचं नाव नाही. सटवाजीनं सुस्कारा सोडला, तेवढ्यात दिवाणजी ताट घेऊन पुढं आले. ताटात सुकलेल्या अळ्या.

"महाराज, या झाडाखाली सापडल्या. हिनं जीव मारले! शपथ मोडली!"

राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. पडद्याआडून राणीसाहेबांच्या बांगड्या वाजल्या. सटवाजीला आपलं घर ताटात ठेवल्यासारखं दिसायला लागलं.

"मी कुणाला मारलं?" भिवरा म्हणाली. "पान समोर होतं, तोंड त्यांचं होतं. चव आवडली नाही म्हणून जेवल्या नाहीत. वाढलेलं न आवडल्याचा गुन्हा वाढणारीवर लागत असेल, तर राज्यातल्या निम्म्या सुनांना आजच सुळावर चढवा."

"चव कसली? विष घातलं हिनं!" दिवाणजी ओरडले.

"कडुनिंब होता. पाडव्याला सगळा दरबार खातो तोच. महाराज, आपणही खाता ना?"

"खातो तर," राजा म्हणाला. "पाला, गूळ, ओवा घालून केलेली गोळी. माझ्या हातानं वाटतो."

"आणि दिवाणजी?"

दिवाणजींनी उपरणं सारखं केलं.

"पाडव्याला दरबार उठला की झाडायला मी असते," भिवरा म्हणाली. "दरसाल दिवाणजींच्या बैठकीखाली गोळी सापडते. चावलेली नाही, चाटलेलीही नाही. अळ्यांनी बिचाऱ्यांनी निदान तोंड तरी लावलं!"

"मग त्या मेल्या, आणि मी कसा जिवंत?" दिवाणजी चवताळले. आपण काय कबूल केलं हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

"तुम्ही घरी जाऊन श्रीखंड खाता, दिवाणजी. अळ्यांच्या घरी श्रीखंड नव्हतं."

राजा असा हसला की मुकुट हातानं धरावा लागला. पडद्याआड राणीसाहेबही हसल्या. मोर गेल्यापासून पहिल्यांदा. ते ऐकून राजाला आणखी जोर आला. त्यानं बागेतलं घर तिथल्या तिथं सटवाजीच्या नावावर करून दिलं, आणि राज्यातल्या यच्चयावत कडुनिंबांच्या निंबोळ्या भिवराला.

"आणखी काय हवं, बोल," राजा म्हणाला.

"येत्या पाडव्याला गोळ्या वाटायचा मान मला द्या, महाराज."

"दिला! आणि दिवाणजी, तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. तोंड उघडून."

मग खंडोबाला नैवेद्य झाला आणि सगळी भरीत खायला उठली. दिवाणजींना त्या दिवशी काही गोड लागलं नाही म्हणतात, आणि त्यात निंबोळीचा काहीच दोष नव्हता.